स्प्लेंडरवरून पुढची गाडी घेताना : आधी वजन, मग ब्रेक, ताकद शेवटी

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर काही वर्षं काढली की एक दिवस वाटायला लागतं, आता मोठी गाडी हवी. बहुतेकांचं कारण खरं असतं. कुणाला सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागलेली असते आणि पुणे हायवेवर शेजारून ट्रक गेला की गाडी हातभर हलते. कुणाचं नवीन लग्न झालेलं असतं आणि तुळजापूरच्या घाटात डबलसीट गाडी दम टाकते. कुणाच्या मनात शाळेपासून बुलेटच बसलेली असते. हेही कारण मी कमी मानत नाही. गाडीवर जीव असला तर माणूस ती नीट सांभाळतो.

मग चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न येतो, "किती सीसीची घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. लहान गाडीवरून मोठीवर बसलेल्या माणसाला आधी वजन जाणवतं, मग ब्रेक जाणवतो, आणि ताकद त्यानंतर. निवडही त्याच क्रमानं केली तर घेतलेली गाडी दोन वर्षांनी विकायची वेळ येत नाही. खालचं सगळं पहिल्यांदाच मोठी गाडी घेणाऱ्यांसाठी लिहिलंय, आणि सोलापूरचं ऊन, सोलापूरच्या पेठा आणि सोलापुरातून बाहेर जाणारे रस्ते धरून लिहिलंय.

आधी महिन्याभराचे रस्ते मांडा

एक कागद घ्या आणि गेल्या महिन्यात गाडी कुठे कुठे गेली ते लिहा. पुढे कुठे जायची स्वप्नं आहेत ते वेगळ्या रकान्यात. हे दोन रकाने एकत्र केले की घोटाळा होतो. लडाखला जायचं म्हणून उंच गाडी घेतली जाते आणि ती रोज जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढीच फिरते.

तुमचा बहुतेक वेळ टिळक चौक, मधला मारुती, कन्ना चौक अशा भागात जात असेल, तर हलकी, कमी वेगात शांत राहणारी गाडी हवी. रोज चिंचोळी किंवा मोहोळपर्यंत जाणं-येणं असेल, तर ऐंशीच्या वेगाला न थरथरणारी आणि ट्रकच्या वाऱ्याला न डगमगणारी हवी. दर गुरुवारी अक्कलकोट आणि वर्षातून दोन-तीनदा पंढरपूर-तुळजापूर असेल, तर त्यासाठी फार मोठी गाडी लागत नाही. अक्कलकोट सुमारे चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसच्या आसपास, पंढरपूर पंच्याहत्तरच्या आसपास. पुणे मात्र अडीचशे किलोमीटर आहे. महिन्यातून दोनदा पुण्याला गाडीवर जाणाऱ्याची गरज वेगळीच असते.

शेतावर जाणं असेल तर तेही लिहा. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल चाकात आणि मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरत नाही. जाड टायर आणि त्याला चिकटून बसलेलं मडगार्ड असलेली गाडी तिथं अडकते. रस्ता सोडून शेताच्या वाटेला रोज जाणाऱ्यानं जुनी शंभरची गाडी विकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजन : कागदावर वाचू नका, ढकलून बघा

स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची आहे. होंडा शाइन १२५ तेवढीच. युनिकॉर्न १४० किलो, पल्सर १५० सुमारे १४८ किलो, सुझुकी जिक्सर २५० साधारण १५६ किलो. होंडाची हायनेस सीबी ३५० आणि रॉयल एनफील्डची हंटर ३५० या दोन्ही १८१ किलोच्या घरात, आणि रॉयल एनफील्डचीच क्लासिक ३५० तब्बल १९५ किलोची. म्हणजे स्प्लेंडरवरून थेट क्लासिकवर बसणारा माणूस ऐंशी किलोंहून जास्त लोखंड अंगावर घेतो. मागे एक धडधाकट माणूस कायमचा बसवल्यासारखं.

चालताना हे वजन कळत नाही. उलट हायवेवर ते बरं वाटतं, गाडी रस्त्याला धरून राहते. ते कळतं गाडी थांबलेली असताना. नवी पेठेत दुकानासमोर, रस्त्याकडे चढ आणि दुकानाकडे उतार अशा जागी, दुकानाकडे तोंड करून गाडी लावा. निघताना ती चढावर मागे ओढायची असते, दोन्ही बाजूंना स्कूटी लागलेल्या असतात, आणि मागून रिक्षावाला हॉर्न देत असतो. शंभरची गाडी आपण मागचं कॅरिअर धरून उचलून बाजूला सरकवतो. १९५ किलोची गाडी उचलता येत नाही. ती सरळ उभी असेपर्यंत काही वाटत नाही, पण एका बाजूला थोडी जास्त कलली की पाय लटपटतो आणि गाडी हळूच आडवी होते. मोठ्या गाडीवर नवीन असलेल्यांची गाडी बहुधा अशीच पडते, उभ्या जागी. लागत फारसं नाही, पण हँडल, लिव्हर आणि इंडिकेटरचा खर्च बसतो, आणि पाय खाली सापडला तर घोटाही जातो.

म्हणून शोरूममध्ये पहिलं काम हे करा : गाडीवर बसण्याआधी तिच्या डाव्या बाजूला उभे राहा, स्टँड काढा आणि ती दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे ढकला. मग हँडल पूर्ण वळवून ढकला. सेल्समन हसला तर हसू द्या. दम लागला, गाडी स्वतःच्या अंगावर येतेय असं वाटलं, तर एक पायरी खालची गाडी बघा. वजन विचारताना पेट्रोल आणि ऑइलसकट वजन विचारा. त्याला कर्ब वजन म्हणतात. काही जण कोरडं वजन सांगतात, ते कमी दिसतं.

मग सीटची उंची. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच आहे. क्लासिक ३५० ची ८०५, एक्सपल्स २०० आणि हिमालयन ४५० या दोन्ही अॅडव्हेंचर गाड्यांची ८२५, मेटिओर ३५० ची फक्त ७६५. आकडा सारखा असला तरी रुंद सीटवर पाय फाकतात आणि जमीन लांब जाते, म्हणून बसून बघणं आलंच. रोज जे बूट घालता तेच घालून बसा. दोन्ही पायांचे किमान चवडे तरी नीट टेकले पाहिजेत, टाचा टेकल्या तर उत्तम. उंची पाच फूट चारच्या आसपास असेल आणि पहिलीच मोठी गाडी असेल, तर उंच अॅडव्हेंचर गाडीच्या मोहात पडू नका. कोजागिरीच्या वेळी तुळजापूर रस्त्यावर चालत जाणाऱ्यांची किंवा आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर जी गर्दी असते, त्यात पावलापावलानं गाडी काढावी लागते. अशा वेळी पाय जमिनीवर असणं फार मोलाचं असतं.

ब्रेक, टायर आणि दिवा

शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना दोन्हीकडे ड्रम ब्रेक असतात. त्यावर शिकलेल्या माणसाची सवय पायाच्या ब्रेकची होते. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, अशी भीतीही लहानपणापासून घातलेली असते. मोठ्या गाडीवर ही सवय मोडावीच लागते, कारण थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो.

वेग वाढला की थांबायला लागणारं अंतर त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून बरंच जास्त वाढतं. साठाऐवजी नव्वदनं जात असाल तर वेग दीडपट झाला, पण ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर सव्वादोन पट होतं. शिवाय नव्वदला गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते, म्हणजे ब्रेककडे बोट जाईपर्यंतच एक मोठा ट्रेलर मावेल एवढी जागा संपते. मोठी गाडी नव्वदवर सहज जाते आणि तितका वेग वाटतही नाही. म्हणूनच मी ताकदीच्या आधी ब्रेक बघायला सांगतो.

१२५ सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणं, हे त्याचं काम. सव्वाशेच्या आतल्या गाड्यांना बहुधा सीबीएस असतो, त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढच्या चाकालाही थोडा लागतो. पण एबीएसमध्येही दोन प्रकार आहेत. सिंगल चॅनेलमध्ये फक्त पुढचं चाक सांभाळलं जातं, ड्युअल चॅनेलमध्ये दोन्ही. कायद्याला सिंगल चालतं, त्यामुळे एकाच मॉडेलच्या स्वस्त व्हेरिअंटला सिंगल आणि महागाला ड्युअल असं असू शकतं. ज्याला मागचा ब्रेक दाबायची जुनी सवय आहे त्याचं मागचं चाकच घसरतं. त्यामुळे परवडत असेल तर ड्युअल चॅनेल घ्या. रंगावर, डिजिटल मीटरवर, ब्लूटूथवर जाणारे पैसे इथे लावा.

टायरमध्ये ट्यूबलेस की ट्यूबचा, हा प्रश्न आपल्याकडे गंभीर आहे. गावाकडच्या रस्त्यावर बाभळीचे काटे असतात. ट्यूबलेस टायरमध्ये काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते, आणि पंक्चरवाला चाक न काढता पाच-दहा मिनिटांत प्लग मारून देतो. किट जवळ असेल तर स्वतःलाही जमतं. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर हवा एकदम जाते, चाक खोलावं लागतं, आणि १९५ किलोच्या गाडीचं मागचं चाक रस्त्याच्या कडेला खोलणं हे सोपं काम नाही. जुन्या घडणीच्या गाड्यांना तारांची चाकं शोभतात यात शंकाच नाही. पण त्याच गाडीचं अॅलॉय चाकांचं व्हेरिअंट मिळत असेल, तर सोलापूर जिल्ह्यात फिरणाऱ्यानं तेच घ्यावं.

दिव्याकडे कुणी बघतच नाही. दिवाळीनंतर ऊसाचा हंगाम सुरू झाला की मोहोळ, पंढरपूर, माळशिरस भागात रात्री रस्त्यावर डबल ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलात बुजलेला. ऊसाचा तो करडा ढीग समोर पंचवीस-तीस मीटरवर आल्यावरच दिसतो. त्यात समोरून येणाऱ्या ट्रकचा अप्पर डोळ्यावर आलेला असतो. शोरूमवाले रात्री टेस्ट देत नाहीत. म्हणून जी गाडी मनात आहे ती वापरणारा ओळखीतला कुणी असेल तर रात्री आठनंतर त्याच्याबरोबर शहराबाहेर दोन किलोमीटर जाऊन या. उजेड किती पांढरा आहे यापेक्षा डाव्या कडेला किती पसरतो ते बघा, आणि गाडी तिरपी झाल्यावर वळणाच्या आत अंधार पडतो का तेही बघा.

आता ताकद

इथे सीसीचा आकडा फसवतो. युनिकॉर्न १६२ सीसीची आहे आणि तिची ताकद सुमारे १३ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). अपाचे आरटीआर १६० फोर व्ही जवळपास तेवढ्याच सीसीची, पण साडेसतरा पीएसची. क्लासिक ३५० ची ताकद २० च्या आसपास, तर जिक्सर २५० ची २६ हून थोडी जास्त, आणि वजन चाळीस किलोंनी कमी. म्हणजे शंभर सीसीनं लहान असलेली गाडी जास्त पळते. क्लासिकची खुबी वेगळ्या जागी आहे. तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, २७ न्यूटन मीटर आहे आणि तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच मिळतो. स्प्लेंडरचा आठच्या आसपास. त्यामुळे डबलसीट चढावर गिअर न बदलता ती शांतपणे चढत राहते. घाई नसलेल्या माणसाची ती गाडी आहे.

पायऱ्या ढोबळमानानं अशा मांडता येतील. शाइन किंवा रेडर यांसारखी १२५ ही शंभरवरून अर्धी पायरी आहे. शहरातलं जाणं-येणं आणि अधूनमधून अक्कलकोट, एवढ्याला पुरते, अॅव्हरेजही फारसं पडत नाही. १५० ते १६० ही खरी पहिली पायरी, आणि बहुतेकांना मी इथेच थांबायला सांगतो. हायवेला सत्तर-ऐंशी आरामात, डिस्क ब्रेक, एबीएस, जाड टायर हे सगळं मिळतं आणि गाडी पेठेतही फिरते. २०० ते २५० हे रोज हायवे असणाऱ्यांसाठी. ३५० च्या गाड्या आरामात लांब जाणाऱ्यांसाठी, वजन पेलत असेल तर.

चारशेच्या गाड्या, म्हणजे स्पीड ४००, ड्यूक ३९०, डॉमिनार, हिमालयन ४५०, या ४० पीएस किंवा त्याहून वरच्या आहेत. स्प्लेंडरच्या पाच पट. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचं एकच लायसन्स सगळ्या सीसीला चालतं, त्यामुळे कायदा तुम्हाला अडवत नाही. पण आठ पीएसवरून थेट चाळीसवर जाऊ नये. मनगट थोडं जास्त फिरलं तर शंभरची गाडी फक्त आवाज करते, ही मात्र खरोखर झेपावते, आणि खड्डा चुकवताना किंवा स्पीडब्रेकरवर दचका बसला की मनगट आपोआप फिरतंच. मधल्या पायरीवर एक-दोन वर्षं काढा. ज्याला चारशेच हवी आहे त्यानं चांगली जुनी दीडशे-दोनशे घेऊन हात बसवावा आणि नंतर ती विकावी. त्यात फारसं नुकसानही होत नाही.

ऊन

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या आसपास असतो. मोठं इंजिन जास्त तापतं आणि ती उष्णता मांड्यांना आणि पोटऱ्यांना लागते. हवेवर थंड होणारं इंजिन सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलं की वारा नसल्यानं तापत जातं. रेडिएटर असलेल्या गाडीचं इंजिन सुरक्षित राहतं, पण पंखा सुरू झाला की गरम झोत पायावर येऊ शकतो. म्हणून गाडी शक्यतो उन्हाळ्यात, दुपारी दोनच्या सुमाराला चालवून बघा. डिसेंबरातल्या सकाळी सगळ्याच गाड्या गोड वाटतात. तेव्हाच घ्यायची असेल तर ती गाडी वापरणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, मेमध्ये हाफ पँटवर चालवता येते का.

मागे बसणारी माणसं

घरच्यांना नेणार असाल तर त्यांना शोरूमला न्या. बऱ्याच स्पोर्टी गाड्यांची मागची सीट उंच, अरुंद आणि वेगळी तोडलेली असते. आई किंवा बायको साडी नेसून एका बाजूला बसणार असेल तर ती सीट बसण्यासारखी नाही. मागे धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला आडोसा हे मोटार वाहन नियमांतच आहे, पण साडीगार्ड देखणं दिसत नाही म्हणून कित्येक जण तो काढून टाकतात. तसं करू नका. पदर चाकात जाऊन होणारे अपघात भयंकर असतात.

पैशाचा हिशेब

शोरूमची किंमत बघून ठरवू नका, ऑन-रोड किंमत लेखी घ्या. ३५० सीसी ही रेषा इथे फार महत्त्वाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. क्लासिक, हंटर, सीबी ३५० या सगळ्या ३४८-३४९ सीसीच्या असल्यानं रेषेच्या आत राहतात.

विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी विम्याचे जून २०२२ मध्ये लागू झालेले दर असे आहेत : ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १३६६, आणि ३५० च्या वर २८०४. नवीन गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, तो याच क्रमानं ३८५१, ७३६५ आणि १५,११७ रुपये, वर जीएसटी. पल्सर १५० चं इंजिन १४९.५ सीसीचं असल्यानं ती पहिल्या गटात बसते, युनिकॉर्न १६२ ची म्हणून दुसऱ्यात. विमा शोरूमच्याच कंपनीचा घ्यायची सक्ती नसते. बाहेरून दर काढा आणि तोच आकडा शोरूममध्ये दाखवा, बऱ्याचदा तिथेही कमी करतात.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. महिन्याला हजार किलोमीटर धरा. साठचं अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला सतरा लिटरच्या आत लागतं, पस्तीस देणाऱ्या गाडीला साडेअठ्ठावीस. जवळपास बारा लिटरचा फरक, म्हणजे शंभराच्या वरच्या भावानं महिन्याला बाराशे रुपयांहून जास्त. हप्ता ठरवताना हा आकडा त्यात मिळवा. चेनसेट, मागचा जाड टायर, ब्रेक पॅड, दीड-दोन लिटर ऑइल हेही सगळं लहान गाडीपेक्षा महाग पडतं. आणि हेल्मेट, हातमोजे, जाळीचं जॅकेट यांसाठी सात-आठ हजार बाजूला ठेवा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, दोघांसाठी दोन.

सर्व्हिस कुठे?

शोरूम असणं आणि चांगलं सर्व्हिस सेंटर असणं या दोन गोष्टी आहेत. गाडी ठरवण्याआधी त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला शनिवारी सकाळी जा. तिथे गाडी द्यायला आलेल्या लोकांशी बोला : पार्ट किती दिवसांत येतो, क्लच केबल आणि ब्रेक पॅड तरी कायम ठेवतात का, सांगितल्या वेळेला गाडी मिळते का. पार्टसाठी पुण्याची वाट बघावी लागत असेल तर गाडी कितीही आवडली तरी पुन्हा विचार करा, रोज कामाला तीच गाडी न्यायची असेल तर नक्कीच. स्प्लेंडर कुठल्याही गावात कुठलाही मिस्त्री खोलतो, ही सोय मोठ्या गाडीवर संपते.

टेस्ट राइड

शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर एक चक्कर मारून काही कळत नाही. निदान अर्धा तास मागा. गर्दीत पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा धरून चालवा, डाव्या हाताला कळ लागते का बघा. यू-टर्न घ्या. स्पीडब्रेकरवरून डबलसीट जा. मोकळ्या जागी तीस-चाळीसच्या वेगात दोन्ही ब्रेक दाबून बघा. मग हायवेला जाऊन टॉप गिअरमध्ये सत्तर, ऐंशीला हँडल, फूटरेस्ट आणि आरसे थरथरतात का ते पाहा. आरशात मागचा ट्रक स्पष्ट दिसत नसेल तर तो दोष रोज भोवतो. एकाच दिवशी दोन गाड्या चालवल्या तर फरक चटकन कळतो, आठवड्याच्या अंतरानं चालवल्या तर पहिलीची आठवण पुसट झालेली असते.

जुनी घ्यायची असेल तर

पहिली मोठी गाडी जुनी घेणं शहाणपणाचं आहे, कागद नीट असतील तर. सकाळी थंड इंजिन असताना जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. इंजिन थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का ते बघा. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा, मध्ये अडखळत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर ऑइल, चेसिसवर नवा रंग किंवा वेल्डिंग, लिव्हरची घासलेली टोकं, हे सगळं पडलेल्या गाडीचं लक्षण. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा, एमपरिवहन अॅपवर विमा आणि थकलेली चलनं बघा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

आपल्याकडे कर्नाटक पासिंगच्या गाड्या बऱ्याच विकायला येतात, विजापूरच्या केए-२८ आणि कलबुर्गीच्या केए-३२. किंमत कमी वाटते. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, एमएच-१३ चा नवा नंबर हे सगळं तुमच्या माथी येतं. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नवीन नोंदणी करावीच लागते. हा खर्च आणि हेलपाटे धरून हिशेब करा. "नंतर बघू" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊच नका.

एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर तिला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का हेही विचारा.

हातातली गाडी

जागा असेल तर ठेवा. बाजारहाट, दळण, शेत यांना तीच बरी. विकायची असेल तर एक्स्चेंजमध्ये देण्याआधी बाहेर भाव काढा, आणि नाव बदलून झाल्याशिवाय निश्चिंत होऊ नका, नाहीतर दुसऱ्याच्या अपघाताची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. इतकी वर्षं क्लेम घेतला नसेल तर विम्यातला नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नव्हे. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या. नव्या गाडीच्या विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० पासून ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. शोरूमवाले हे आपणहून सांगत नाहीत.

पहिले दोन महिने

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात मागे कुणालाही बसवू नका. रविवारी पहाटे एखादं मोकळं मैदान किंवा रिकामा रस्ता गाठा. आधी पहिल्या गिअरमध्ये, मागचा ब्रेक हलका धरून, आठच्या आकड्यात गाडी फिरवा. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा, चाकाकडे बघितलंत तर पाय खाली येतो. मग तीस, चाळीस, पन्नास असा वेग वाढवत पुढचा ब्रेक दोन बोटांनी आधी हलका आणि मग घट्ट आवळायचा सराव करा, झटका मारून नाही. एबीएस लागला की लिव्हर आणि पेडल बोटांना-पायाला थडथडतं. ते पहिल्यांदा जाणवलं की माणूस घाबरून ब्रेक सोडतो, म्हणून ती थडथड सरावातच ओळखीची करून घ्या आणि ब्रेक धरून ठेवा.

पहिली सर्व्हिसिंग कंपनीनुसार ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते. तोवर इंजिन फार फिरवू नका, एकाच वेगात तासभरही चालवू नका. पहिली लांब फेरी अक्कलकोटची करा, दुसरी डबलसीट तुळजापूरची, घाटासकट. परतल्यावर चेन सैल झालीय का आणि टायरची हवा किती आहे ते बघा. पुण्याचा बेत त्यानंतर, पहाटे निघून, टेंभुर्णी आणि भिगवणला थांबत.